नाक्यावरचा शिपाई

शंभर वर्षांपूर्वी कुरुंदवाडहून बैलगाडी जोडून कोणत्याही दिशेला निघालेल्या माणसाला दिवस मावळायच्या आत परमुलूख लागत असे. शिरोळकडे गेले की कोल्हापूर दरबारची हद्द, पश्चिमेला कोल्हापूरच्याच छत्राखालची इचलकरंजीची जहागीर, उत्तरेला मिरज आणि सांगली ही पटवर्धनांचीच पण कारभाराने निराळी संस्थाने, आणि सदलगा, चिकोडी, अथणीच्या बाजूला वळले की बेळगाव जिल्हा, म्हणजे इंग्रजांचा खालसा मुलूख. खुद्द कुरुंदवाडही एकसंध नव्हते. अठराव्या शतकात पटवर्धन घराण्यातल्या त्र्यंबक हरींकडे आलेल्या या जहागिरीतून १८११ साली शेडबाळ वेगळे निघाले आणि १८५७ मध्ये ते इंग्रजांनी खालसा केले. त्याआधी, १८५४ च्या सुमारास, उरलेल्या कुरुंदवाडच्या थोरली आणि धाकटी अशा दोन पात्या झाल्या होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी थोरल्या पातीचे क्षेत्रफळ सुमारे १८५ चौरस मैल आणि धाकटीचे ११४ चौरस मैल होते, आणि तेही एका जागी नव्हे. बेळगाव शहराला चिकटलेले माधवपूर-वडगाव धाकट्या पातीचे होते. म्हणजे आज ज्याला आपण एका तालुक्याचा प्रवास म्हणतो, त्यात तेव्हा तीन-चार राज्यांच्या सरहद्दी पडत. सरहद्द म्हटली की तिथे वाट अडवणारा माणूस आला. पगार बेताचा, हातात फार तर काठी, आणि समोरून येणाऱ्याच्या गाडीत काय आहे याची कसलीही आगाऊ खबर नाही, अशा अवस्थेत तो उभा असे. आज रस्त्यावर वाहन थांबवताना पोलीस मारला जातो तेव्हा आपण मारणाऱ्याच्या क्रौर्याबद्दल बोलतो, आणि ते बोललेच पाहिजे. पण या माणसाला त्या जागी उभा कोणी केला, कशासाठी केला आणि त्या जागेवरचा धोका कशाने वाढतो किंवा घटतो, हे समजायचे असेल तर कुरुंदवाडसारख्या सरहद्दींनी वेढलेल्या गावाचा भूतकाळ उघडून पाहावा लागतो.

मराठी मुलखातला नाका जन्माला आला तो वसुलीसाठी. पेशवाईत जकात ही वाहत्या मालावरची पट्टी होती. माल जिथे भरला तिथली थळभरीत, जिथे विकला तिथली थळमोड, आणि मधल्या प्रत्येक महालातून जाताना पुन्हा वाटेवरचे देणे. शंभर कोसांच्या प्रवासात किती ठिकाणी किती द्यावे लागेल याचा हिशेब व्यापाऱ्यालाही सहज लागत नसे. म्हणून हुंडेकरी नावाचा धंदाच उभा राहिला. हुंडेकरी व्यापाऱ्याकडून एकदाच ठरलेली रक्कम घेई आणि वाटेतल्या सगळ्या जकातींचा निकाल आपल्या अंगावर घेऊन माल पार करून देई. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात जकातीसह महसुलाचे मक्ते देण्याची चाल बोकाळली, तेव्हा नाक्यावरचा माणूस सरकारचा आहे की मक्तेदाराचा, हा फरकही पुसट झाला. वाट अडवणाऱ्याचा रस्त्याच्या सुरक्षिततेशी काही संबंध आहे अशी कल्पना या सगळ्या व्यवस्थेत कुठेच नव्हती. वाटसरूंच्या संरक्षणाचे काम डोंगरातल्या घाटांत, खिंडींत रखवालदार करीत, पण त्याचेही पैसे वाटसरूकडूनच निघत. नाका म्हणजे देणे, ही समजूत पिढ्यान् पिढ्या मुरली ती अशी.

त्या समजुतीला आणखी एक पदर होता, आणि माझ्या मते आजच्या दृष्टीने तो अधिक महत्त्वाचा आहे. जकात सगळ्यांना सारखी नव्हती. सरदारांच्या, देवस्थानांच्या, प्रतिष्ठित ब्राह्मणांच्या, मर्जीतल्या सावकारांच्या मालाला दस्तक मिळत असे. ते दाखवले की नाकेदाराने मुकाट वाट मोकळी करायची. त्यामुळे नाक्यावर थांबणे हे माणसाच्या पायरीचे माप झाले. ज्याच्याकडे दस्तक तो थांबत नाही, ज्याला थांबावे लागते तो सामान्य. साहजिकच, थांबवले जाणे म्हणजे पायरी दाखवली जाणे, असा अर्थ रुजला. आणि नाकेदाराची स्वतःची पायरी तर सगळ्यांत खालची. मोठ्या माणसाचा कारकून त्याला दरडावून जाई आणि वरचा कमाविसदार वसुली कमी पडली म्हणून त्याचाच पगार कापी. कायद्याचा हुकूम सर्वांना सारखा लागू करायचा आणि स्वतः मात्र कोणाहीपेक्षा लहान असायचे, ही विसंगती नाक्यावरच्या माणसाच्या वाट्याला मोटार यायच्या कितीतरी आधी आली होती.

कंपनी सरकारला ही पद्धत फायद्याची नाही हे उमगायला वेळ लागला. चार्ल्स ट्रेव्हेलियन या कंपनीच्या अधिकाऱ्याने १८३४ मध्ये बंगालमधल्या अंतर्गत जकातींवर अहवाल लिहिला आणि वाटेवरच्या चौक्या व्यापार कसा गिळतात, सरकारी तिजोरीत त्यातले किती थोडे पोचते, हे दाखवून दिले. बंगालमध्ये १८३६ साली आणि मुंबई इलाख्यात १८३८ साली वाटेवरच्या जकाती बंद झाल्या. पण संस्थानांना हा कायदा लागू नव्हता. खालसा मुलखात मोकळी झालेली गाडी संस्थानच्या हद्दीत शिरताच पुन्हा अडत असे, आणि हे नाके उठवण्यासाठी इंग्रज रेसिडेंटांनी पुढची कित्येक दशके दक्षिण महाराष्ट्रातल्या संस्थानिकांच्या मागे लकडा लावला. दारूच्या बाबतीत तर उलटाच प्रश्न उभा राहिला. मुंबई सरकारने १८७८ च्या आबकारी कायद्याने दारू गाळण्यावर आपला ताबा बसवला आणि कर वाढवला. लगेच शेजारच्या संस्थानी गावांतली स्वस्त दारू खालसा गावांत येऊ लागली. सरकारने तेव्हा काय केले? नुसते शिपाई वाढवले नाहीत. शेजारच्या संस्थानांशी आबकारीचे करार करून दोन्हीकडचा दर जुळवायचा प्रयत्न केला. महसुलाच्या लोभापायी का होईना, त्या कारभाऱ्यांना एक गोष्ट कळली होती. सरहद्दीच्या दोन बाजूंना भावात जितका फरक, तितकी चोरटी वाहतूक, आणि जितकी चोरटी वाहतूक तितका वाट अडवणाऱ्याच्या जिवाला घोर.

मला जे म्हणायचे आहे ते एवढेच आहे. रस्त्यावर वाहन थांबवणाऱ्या पोलिसाचा जीव किती धोक्यात आहे हे मुख्यतः दोन गोष्टी ठरवतात. एक, त्या वाहनाला न थांबता पार होण्यात किती लाभ आहे. दोन, थांबवणाऱ्याच्या पाठीशी शासन किती ठामपणे उभे आहे असे समोरच्याला वाटते. लाभ शासन आपल्या कायद्यांनी निर्माण करते, आणि पाठीशी उभे राहायचे की नाही हेही शासनच ठरवते. दोन्ही बाबतींत चुकणारे मुंबईत बसलेले असतात, पण जीव त्या काठीवाल्या माणसाचा जातो.

हे खरे आहे का, ते कुरुंदवाडच्याच पुढच्या इतिहासाने तपासता येते. ८ मार्च १९४८ रोजी दक्षिणेतली संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. कुरुंदवाडच्या दोन्ही पात्या त्यांत होत्या. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूरही विलीन झाले. सहा-सात सत्तांच्या सरहद्दी एका वर्षात पुसल्या गेल्या. एका राज्यात गुन्हा करून नदी ओलांडून दुसऱ्या राज्यात जाऊन बसायचे आणि मग १९०३ च्या प्रत्यर्पण कायद्याच्या कागदोपत्री वाटाघाटी सुरू व्हायच्या, हा प्रकार संपला. नाक्यांवरची माणसे हलवली तेव्हा वाटांवर काही अनर्थ झाला नाही, कारण अडवण्यासारखे काही उरलेच नव्हते. मात्र ही मोकळीक फार टिकली नाही. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने १९५० पासून साऱ्या मुंबई राज्यात दारूबंदी आली, आणि १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत चिकोडी, अथणी हे तालुके म्हैसूर राज्यात गेले. कुरुंदवाड पुन्हा सरहद्दीवर आले. दत्तवाड, गणेशवाडी अशा गावांच्या पलीकडे दुसऱ्या राज्याचा कायदा, दुसरा कर, दुसरा भाव. सीमाप्रश्नाचा विचार आपण भाषेच्या आणि अस्मितेच्या अंगाने करतो, आणि तो तसा करायलाच हवा, पण सीमेवरच्या पोलीस ठाण्यातल्या शिपायासाठी त्या रेषेचा अर्थ आणखी वेगळा होता. त्याच्या कामाच्या तासांत रात्रीच्या गाड्या वाढल्या.

साठच्या दशकात ज्वारीच्या एकाधिकार खरेदीने आणि १९७२ पासून कापूस एकाधिकार योजनेने हाच धडा पुन्हा शिकवला. शासनाने ठरवलेला भाव बाहेरच्या भावापेक्षा खाली गेला की माल रातोरात सरहद्दीपार जाई आणि तो अडवायला नाके बसत. शेतकऱ्याला स्वतःचे धान्य स्वतःच्या गाडीतून नेताना चोर ठरवले जाई. ज्याला अडवले जात होते त्याला आपण गुन्हा करतो आहोत असे मनापासून वाटत नव्हते, आणि अडवणाऱ्यालाही ते पुरते पटलेले नसे. अशा नाक्यांनी पोलिसाच्या प्रतिष्ठेचे जे नुकसान केले ते पुढच्या पिढ्यांतल्या वाहतूक पोलिसाला भोगावे लागले, असे माझे स्पष्ट मत आहे. शहरांच्या वेशीवर नगरपालिकांची जकात होतीच. नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये उठली, पण मुंबई महापालिकेची वस्तू व सेवा कर येईपर्यंत, म्हणजे १ जुलै २०१७ पर्यंत चालू राहिली. म्हणजे नाका हा केवळ पैसे देण्याचे ठिकाण, ही पेशवाईतली समजूत एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत रोजच्या अनुभवाने ताजी राहिली.

आता ज्या घटनेने हा विषय महाराष्ट्रापुढे उघडा केला तिच्याकडे वळू. १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. वर्धा आणि गडचिरोली या दोन शेजारी जिल्ह्यांत ती आधीपासून होती, पण नागपूर, भंडारा, यवतमाळ आणि पलीकडचे तेलंगण यांत दारू कायदेशीरपणे विकली जात होती. बंदीची मागणी करणाऱ्या बायांचा लढा खरा होता. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे खरी होती. त्याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण बंदीच्या आदेशाने जिल्ह्याच्या सीमेवर भावाची एक उंच भिंत उभी केली आणि ती ओलांडण्यात मोठा नफा ठेवला. ६ नोव्हेंबर २०१८ रोजी नागभीड पोलीस ठाण्याचे उपनिरीक्षक छत्रपती चिडे दारू वाहून नेणारी एक स्कॉर्पिओ अडवायला गेले आणि तीच गाडी त्यांच्या अंगावर घालून त्यांना ठार मारण्यात आले. नागभीड हा तालुका जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, नागपूर आणि भंडाऱ्याच्या बाजूला आहे. ज्या रस्त्यावर हे घडले तो १९४८ च्या आधीच्या कुरुंदवाडच्या कोणत्याही गाडीवाटेसारखाच होता, दोन भावांच्या मधला. फरक एवढाच की बैलगाडी अंगावर घालून माणूस मारणे कठीण, आणि दोन टनांच्या मोटारीचे तसे नाही.

ही गोष्ट महाराष्ट्रापुरती नाही आणि दारूपुरतीही नाही. ८ मार्च २०१२ रोजी मध्य प्रदेशातल्या मुरैना जिल्ह्यात भारतीय पोलीस सेवेतले तरुण अधिकारी नरेंद्र कुमार यांना बेकायदा उत्खननाचा दगड नेणाऱ्या ट्रॅक्टरखाली चिरडण्यात आले. १९ जुलै २०२२ रोजी हरियाणातल्या नूह जिल्ह्यात उपअधीक्षक सुरेंद्र सिंह बिश्नोई यांचा डंपरखाली असाच अंत झाला. दगड आणि वाळू यांना कायद्याने किंमत आणली ती योग्य कारणासाठी. २०१२ चा सर्वोच्च न्यायालयाचा दीपक कुमार खटल्यातला आदेश आणि पुढच्या वर्षीचा हरित लवादाचा आदेश नद्या वाचवण्यासाठीच होते. कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या माणसाला वाळू उपशाने नदीचे काय होते हे सांगावे लागत नाही. पण नदी वाचवण्याचा आदेश दिल्लीत निघाला, बांधकामांची भूक शहरांत वाढत राहिली, पर्यायी वाळूचा पुरवठा पुरेसा झाला नाही, आणि या तिन्हींमधली दरी भरून काढायला रात्री दोन वाजता डंपरसमोर एक तलाठी किंवा एक हवालदार उभा केला गेला. सगळ्या व्यवस्थेचा भार एका माणसाच्या उंचावलेल्या हातावर टाकण्याची ही पद्धत आहे, आणि तिला मी निष्काळजीपणा म्हणतो.

यावर पहिला आणि सर्वांत बळकट आक्षेप मुंबईतल्या एका मृत्यूवरून घेतला जाऊ शकतो. २३ ऑगस्ट २०१६ रोजी खार भागात एका पेट्रोल पंपाजवळ वाहतूक पोलीस विलास शिंदे यांनी दुचाकीवरच्या एका अल्पवयीन मुलाला अडवले. मुलाने फोन करून थोरल्या भावाला बोलावले, भावाने शिंदे यांच्या डोक्यात दांडके घातले, आणि ३१ ऑगस्टला लीलावती रुग्णालयात त्यांचे निधन झाले. तिथे कोणती सरहद्द होती? कोणता नफा होता? होता तो फार तर काहीशे रुपयांचा दंड. मग भावातल्या फरकाचा सिद्धांत इथे लंगडा पडत नाही का? पडतो, आणि म्हणूनच सुरुवातीला मी दोन गोष्टी सांगितल्या. खारमध्ये पणाला लागलेली वस्तू पैसा नव्हती, पायरी होती. मुलाला थांबवले हा घरच्या माणसाचा अपमान समजला गेला आणि थांबवणारा शासनाच्या वतीने बोलतो आहे हे समोरच्याच्या खिजगणतीतही नव्हते. त्याला दिसला तो एकटा, पन्नाशीच्या आसपासचा माणूस. मोटार वाहन कायद्याचे १३० वे कलम म्हणते की गणवेशातल्या कोणत्याही पोलिसाने मागितल्यावर चालकाने परवाना दाखवला पाहिजे. कायद्याच्या पुस्तकात हवालदार आणि मंत्र्याचा मुलगा समोरासमोर आले तर हवालदार मोठा आहे. रस्त्यावर मात्र आमदाराच्या गाडीला सलाम ठोकावा लागतो, नगरसेवकाचा फोन आला की पावती फाडून टाकावी लागते, आणि नाही फाडली तर बदली होते, हे बघणारे रोज हजारो असतात. दस्तकांची पद्धत कागदावरून गेली, पण फोनवर शिल्लक राहिली. ज्या शिपायाला वजनदार माणसाने दरडावून जावे हे सगळ्यांना मान्य आहे, त्याला बिनवजनाच्या माणसानेही एक दिवस हात लावून पाहावा यात आश्चर्य कसले? शिंदे यांच्या मृत्यूला मारणारा जबाबदार आहेच. पण हात उगारण्याची हिंमत ज्या वातावरणात येते ते वातावरण वरच्यांनी तयार केले आहे.

दुसरा आक्षेप शिक्षेचा. कडक शिक्षा असती तर कोणी धजावले नसते, असे शोकसभांतून हमखास बोलले जाते. शिंदे यांच्या मृत्यूनंतरच्या काळात राज्याने भारतीय दंडविधानाच्या ३५३ व्या कलमातली, म्हणजे सरकारी नोकरावर कामात असताना हल्ला करण्याबद्दलची शिक्षा दोन वर्षांवरून पाच वर्षांपर्यंत वाढवली. ही दुरुस्ती २०१८ च्या जूनमध्ये लागू झाली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये चिडे मारले गेले. पुढे १ जुलै २०२४ पासून देशभर भारतीय न्याय संहिता आली आणि तिच्या १३२ व्या कलमात मूळची दोन वर्षेच पुन्हा लिहिलेली आहेत. पण शिक्षेचा मुद्दा याहून जुन्या दाखल्याने तपासता येतो. २७ सप्टेंबर १९२७ च्या पहाटे इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यात जॉर्ज गटरिज नावाच्या शिपायाने आडरस्त्यावर एक मोटार थांबवली. ती एका डॉक्टरच्या घरून चोरलेली होती. आतल्यांनी त्याला गोळ्या घातल्या. त्याच्याकडे शस्त्र नव्हते, टिपणवही होती. काडतुसावरच्या खुणेवरून पिस्तुलाची ओळख पटवून दोघांना ३१ मे १९२८ रोजी फाशी देण्यात आले, आणि गोळ्यांच्या शास्त्रीय तपासाच्या इतिहासात तो खटला गाजला. तेव्हाच्या इंग्लंडमध्ये खुनाला फाशी ठरलेली होती, आणि मारणाऱ्यांना ती माहीतही होती. उलट पकडले गेल्यास गमवायचे फार आहे, हेच गोळी झाडण्याचे कारण ठरले असावे. शिक्षा व्हायलाच पाहिजे, कारण मेलेल्याला आणि त्याच्या घराला न्याय देणे हे शासनाचे कर्तव्य आहे. मात्र रात्रीच्या रस्त्यावर पुढच्या शिपायाचे रक्षण शिक्षेच्या लांबीने होते असे मानायला आधार नाही.

तिसरा आक्षेप अधिक अवघड आहे आणि सभ्य लेखनात तो टाळला जातो. लोक म्हणतात, नाक्यावर चिरीमिरी घेतली जाते, ट्रकवाल्याला प्रत्येक जिल्ह्यात हात ओले करावे लागतात, मग पोलिसाबद्दल आदर कुठून येणार? तक्रार खोटी नाही. पण तिचा अर्थ नीट लावला पाहिजे. हप्ता घेणारा नाका ट्रकवाल्याच्या दृष्टीने धोक्याचा नसतो, खर्चाचा असतो, आणि तो खर्च तो आधीच धरून चालतो, हुंडेकरी धरत असे तसा. जीव जातो तो बहुधा हप्त्याच्या साखळीबाहेर उभा राहून गाडी खरोखर अडवणाऱ्याचा. म्हणजे भ्रष्ट नाक्यांनी प्रामाणिक नाकेकऱ्याची जागा आणखी जोखमीची केली आहे. जिथे सगळे घेतात तिथे न घेणारा माणूस समोरच्याला अचानक उगवलेला अडथळा वाटतो. म्हणून पोलिसांवरच्या हल्ल्यांचा निषेध करताना वसुलीबद्दल गप्प बसणे हा पोलिसांचा कैवार नव्हे.

मग नाकेच नकोत, कॅमेरे लावा, ई-चलान घरी पाठवा, असे नव्या काळाचे उत्तर आहे. वेग, सिग्नल, हेल्मेट यांच्यासाठी ते उत्तम उत्तर आहे आणि मी त्याच्या पूर्ण बाजूने आहे. कॅमेऱ्याला पायरी कळत नाही, त्याला फोन लागत नाही, त्याच्या डोक्यात दांडके घालून कोणाची मुले पोरकी होत नाहीत. खारच्या त्या दुपारी दंडाची चिठ्ठी कॅमेऱ्याने काढली असती तर विलास शिंदे निवृत्त होऊन सातारा जिल्ह्यातल्या आपल्या गावी गेले असते. पण चोरीची गाडी, दारूची गाडी, हत्यारांची गाडी कॅमेऱ्याने थांबत नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीजवळ डी. बी. मार्ग पोलिसांनी नाकाबंदी लावली नसती तर मुंबईवर हल्ला करणारा दहशतवादी कसाब जिवंत हाती लागला नसता. तिथे सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी फक्त लाठी घेऊन पुढे होऊन एके-४७ ची नळी धरली आणि गोळ्या अंगावर घेतल्या. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. ते जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे, आधी लष्करात नोकरी केलेले. त्यांच्या शौर्यापुढे मस्तक नमते. पण त्या रात्री दहशतवाद्यांची गाडी अडवण्यासाठी उभ्या केलेल्या माणसाच्या हातात शासनाने लाठी दिली होती, ही गोष्ट शौर्याच्या कौतुकाखाली झाकता कामा नये. अशोकचक्राचे तेज सांगताना आपण लाठीची लाज सांगायला विसरतो.

नाका अटळ आहे, हे चौपाटीने दाखवले. पण प्रत्येक नाका अटळ नाही, हे १९४८ ने दाखवले. या दोन गोष्टी एकत्र धरल्या तर शासनाकडे मागायचे काय ते स्पष्ट होते. जो नाका केवळ भावातला फरक सांभाळण्यासाठी आहे, तो फरकच कमी करता येतो का हे आधी पाहावे, एकोणिसाव्या शतकातल्या आबकारी खात्याने शेजारच्या संस्थानांशी बोलून पाहिले तसे. वाळूचा कायदेशीर पुरवठा वाढवणे, शेजारच्या राज्यांशी कर आणि परवाने जुळवणे, एका जिल्ह्यापुरती बंदी घालताना सीमेवरच्या तालुक्यांचा विचार करणे, ही गृहखात्याच्या बाहेरची कामे वाटतात, पण नाक्यावरच्या माणसाचा जीव त्यांच्यावर अवलंबून आहे. चंद्रपूरची बंदी मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने उठवली. निवृत्त सनदी अधिकारी रमानाथ झा यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने आधी अभ्यास केला होता. अवैध दारू, बुडालेला महसूल, वाढलेले गुन्हे यांची चर्चा झाली. बंदी असावी की नसावी यावर दोन्ही बाजूंनी प्रामाणिक माणसे आहेत आणि मी त्या वादाचा निकाल इथे लावत नाही. पण बंदी लागू करताना २०१५ मध्ये सीमेवर किती माणसे, किती वाहने, कोणती साधने लागतील याचा हिशेब जितक्या गांभीर्याने व्हायला हवा होता तितका झाला असता, तर एका उपनिरीक्षकाला गाडीसमोर जावे लागले नसते.

आणि जो नाका राहणारच आहे, तिथे एकट्या माणसाला उभे करू नये. धावत्या गाडीपुढे शरीर आडवे घालणे हा शौर्याचा प्रकार नाही, ती साधनांची कमतरता आहे. टायर फोडणारी काट्यांची पट्टी, वळणदार मांडलेले अडथळे, पुढच्या चौकीला गाडीचा क्रमांक कळवून पाठलाग सोडून देण्याची मुभा, अंगावरचा कॅमेरा, रात्री किमान तीन-चार माणसे, यांत नवे काही नाही; जगभरचे पोलीस आपली माणसे गमावून हे शिकले आहेत. कर्नाटकच्या सीमेला लागून असलेल्या शिरोळ तालुक्यात निवडणुका आल्या की तपासणी पथके उभी राहतात, साथ आली की रस्ते बंद होतात, आणि एरवीही कुरुंदवाडच्या पोलिसांना रात्रीच्या गस्तीत दत्तवाड-गणेशवाडीकडच्या आडवाटा सांभाळाव्या लागतात. वाहतूक रोखणारा कोणताही नवा आदेश निघेल तेव्हा त्याच आदेशात लिहिलेले असले पाहिजे की तो अमलात आणायला किती ठिकाणी किती माणसे उभी राहतील, त्यांच्या हातात काय असेल, आणि गाडी थांबली नाही तर त्यांनी बाजूला व्हायचे आहे. तसे लिहिलेले नसेल तर त्या आदेशावर सही करणाऱ्याला विधिमंडळात कोणीतरी विचारावे की नाक्यावर तो कोणाला पाठवणार आहे.